उन्हाळा, रंग आणि माती : तुमचे अनुभव लिहा

सुट्ट्या लागल्या की सगळ्यांना आराम आणि आपल्याला दुप्पट काम. शिबिरं याच दिवसांत, शिकवण्या याच दिवसांत आणि स्वतःच्या कामासाठी लांबलचक दिवसही याच दिवसांत. हे सगळं कसं निभावता? चित्र, सिरॅमिक, शिकवणं, काहीही करत असाल तर लिहा. हातानं नेमकं काय करता तेवढं सांगा, चिंतन नंतर कधीतरी.

सुरुवात मीच करते. मी जलरंगात काम करते. उन्हात मोठा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा म्हणजे कागदाशी शर्यत: खालच्या कडेला पोचेपर्यंत वरची कड वाळून रेघ पडलेली असते. म्हणून आकाश, पाणी वगैरे मोठे भाग सकाळी लवकर, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून. पाण्यात ग्लिसरीनचे एकदोन थेंब टाकले की वाळणं थोडं लांबतं. जास्त पडले तर मात्र कागद चिकटच राहतो. दुपारी झाडाची साल, दगड, जुन्या भिंती. कोरड्या ब्रशच्या कामाला गरम हवा उलट मानवते. संध्याकाळी शिकवणी, आणि त्यानंतर ब्रश हातात धरवत नाही हे खरं.

*

मी मातीवाली, त्यामुळे जरा लांबेल.

उन्हाळ्यात भांडी पटापट वाळतात म्हणून लोकांना हेवा वाटतो. पण पटापट वाळणं हेच तर दुखणं आहे. कड आधी वाळून आकसते, बुड ओलंच असतं, आणि त्या ओढाताणीत चीर जाते. मगचा कान सगळ्यात आधी वाळतो आणि जोडापाशी सुटतो. म्हणून मी कड आणि कान प्लॅस्टिकनं गुंडाळते, बुड उघडं ठेवते. भांडं हाताळण्याइतकं घट्ट झालं की उपडं घालते. पंखा बंद. घामाच्या धारा लागल्या तरी बंद.

वाळलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. असं भांडं भट्टीत गेलं तर वाफ होऊन फुटतं आणि शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जातं. त्यामुळे १०० अंशांच्या खाली भट्टी बराच वेळ रेंगाळू द्यायची. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते, तिथेही घाई नको, चढताना नको आणि उतरताना तर नकोच. पहिली भाजणी १००० अंशांच्या आसपास, माझ्या स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) ग्लेझची, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाची, साधारण १२२०ला. भट्टी रात्रीच लावते, दिवसा त्या खोलीत उभंही राहवत नाही.

शिबिरात येणारे मोठे लोक हमखास विचारतात, "माझा मग लहान कसा झाला?" ओल्या मातीपासून शेवटच्या भाजणीपर्यंत माझी माती १२ टक्के आकसते. १२ सेंटीमीटरचा मग हवा तर चाकावर साडेतेराच्या थोडा वरच ओढायचा. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, पण भट्टी उघडेपर्यंत कुणाचा विश्वास बसत नाही.

*

माझं स्वतःचं चित्र उन्हाळ्यात बंद. पूर्ण बंद. दिवसभर मुलांच्या गराड्यात राहून रात्री "स्वतःचं काहीतरी" करणाऱ्यांना माझा नमस्कार. वर्षाचं भाडं या दोन महिन्यांत निघतं, तर हे दोन महिने शिकवण्याचे, एवढा साधा हिशोब. नवीन लोकांना एकच सांगेन: साहित्याचा खर्च मानधनात धरलाय की वेगळा, हे आधी लेखी घ्या. एका आयोजकांनी कागद-रंगांचं बिल माझ्याच गळ्यात टाकलं होतं, आणि उरलेले पैसे यायला दिवाळी उजाडली.

*

तैलरंग, बाहेर बसून. एवढंच सांगायचंय की कॅनव्हासवर ऊन पडू देऊ नका. उन्हात रंग उजळ दिसतात, म्हणून आपण ते गडद लावत जातो, आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं वाटतं. छत्री स्वतःच्या डोक्यावर नसली तरी चालेल, कॅनव्हासवर हवी. दुसरं म्हणजे सावल्या भराभर सरकतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८९०-९१मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या तेव्हा उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. मी दोन कॅनव्हास नेते, सकाळचा आणि उतरत्या उन्हाचा. भर दुपारी घरी येऊन झोपते.

*

मातीवाल्या ताईंच्या लिहिण्यात एक भर. मुलांचं शिबिर असेल तर शेवटी झाडू मारायचा नाही. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती हवेत उडते आणि फुफ्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्यानं टेबलं, ओल्या पोछ्यानं फरशी. आमच्याकडे मुलांनाच स्पंज वाटतो. त्यांना हे काम मातीकामापेक्षा जास्त आवडतं, आणि पालक न्यायला आले तरी एकही जण स्पंज खाली ठेवत नाही.