जमीन विकून झाली, आता भरपाई कसली?

टीचभर: मॉरिल कायदा १८६२ चा, मूळ अमेरिकी जमातींकडून घेतलेल्या जमिनी कॉलेजं काढायला राज्यांना देणारा. राज्यांनी त्या जमिनी केव्हाच फुंकून टाकल्या. आता त्या जमातींसाठी अमेरिकी विद्यापीठांकडे भरपाई मागणं म्हणजे पणजोबाच्या उधारीसाठी पणतूच्या दारात बसणं. पैसा उरलाय कुठे?

चिकित्सक: कायदा वाचलात का? विक्रीचं मुद्दल कायम राखायचं, खर्च फक्त व्याजाचा. मुद्दल घटलं तर राज्यानं भरून द्यायचं. इमारतीच्या डागडुजीलासुद्धा त्यातला पैसा चालत नाही. सुमारे २५० जमातींची १ कोटी ७ लाख एकर जमीन ५२ विद्यापीठांच्या कामी आली. जमातींच्या हाती मिळून ४ लाख डॉलरही पडले नाहीत. उधारी पणजोबाची असेल, व्याज पणतूच खातोय.

सातबारा: सगळे एका मापानं मोजू नका. कायद्यानं राज्याला दर खासदारामागे ३०,००० एकर; न्यूयॉर्कचे खासदार ३३, म्हणजे ९,९०,०००. राज्यात सरकारी जमीनच नाही, म्हणून स्क्रिप मिळाली, म्हणजे दुसरीकडची सरकारी जमीन घेण्याच्या हक्काचे कागद, एकेक १६० एकरांचा. परराज्यात राज्यानं स्वतः जमीन निवडायला बंदी, कागद विकत घेणाऱ्याला मुभा. सगळी राज्यं एकदम विकायला बसली, सव्वा डॉलरचा एकर पन्नास-साठ सेंटवर आला. कॉर्नेल विद्यापीठाचा संस्थापक एझ्रा कॉर्नेल, त्यानं कागद स्वतः घेतले, विस्कॉन्सिनची पाइनची जंगलं निवडली आणि भाव चढायची वाट पाहिली. ती कमाई अकलेची.

चिकित्सक: अक्कल त्याची, पाइन ओजिब्वे जमातीचं. ते त्यांच्याकडून घेणारा १८३७ चा तह बघा.

सातबारा: त्या जमिनीचा कर भरता भरता विद्यापीठ बुडायला आलं होतं, तेही सांगा की! जोखीम कुणी घेतली?

बांधावरचा: आपली कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर, पंतनगर १९६० पासून. त्यांच्या जमिनी कुठून आल्या यावर सगळे गप्प.

चिकित्सक: वेगळा धागा काढा हो. सातबारासाहेब, कॅलिफोर्नियात कसली जोखीम? १८५१-५२ चे १८ तह सेनेटनं मंजूरच केले नाहीत, जमीन मात्र गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाची २०२२ पासूनची फीमाफी फक्त संघराज्याची मान्यता असलेल्या जमातींना. बाकीच्यांसाठी २५ लाख डॉलर दिले कुणी? ग्रेटन रँचेरियानं, म्हणजे एका जमातीनंच!

टीचभर: बरं बाबा, मुद्दल जिवंत आहे. जिंकलात, पेढे वाटा. मग साउथ डकोटा स्टेटसारखं करा, जमिनीचं उत्पन्न तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांच्या शिक्षणाला लावा. जमीन परत वगैरे काढू नका.

चिकित्सक: सू जमातीकडून सरकारनं काढून घेतलेल्या ब्लॅक हिल्स डोंगरांपोटी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये व्याजासकट दहा कोटी डॉलरांवर रक्कम कायम केली. सू लोकांनी ती अजून उचललेली नाही. जमीन काढायची की नाही, हे त्यांना विचारा.