पुस्तकदुरुस्तीचं सामान: पुण्यात कमी पैशात काय घ्यावं, काय टाळावं?

पानं_सुटली (कोथरूड)

सोसायटीच्या वाचनालयातली साठेक पुस्तकं दुरुस्त करायची आहेत. नुकसान साधारण तीन प्रकारचं आहे. जुने कोश आणि कादंबऱ्या आतून शिवलेल्या आहेत, शिवण शाबूत आहे, पण पुठ्ठा निखळलाय. दिवाळी अंक आणि पेपरबॅक नुसते चिकटवलेले आहेत, त्यांची पानं सुटी होतात. तिसरं म्हणजे फाटलेली पानं, त्यातल्या बऱ्याच पानांवर कुणीतरी सेलोटेप मारून ठेवलाय.

सामानासाठी दोन हजार रुपये मंजूर आहेत. ऑनलाइन 'बुकबाइंडिंग किट' दिसतात, त्यात सुया, टोचा, घडी दाबायची पट्टी आणि मेण लावलेला दोरा असतो. ते घ्यावं की सुटं सामान जमवावं? फेव्हिकॉल चालेल का? फाटलेलं पान जोडायचा पातळ जपानी कागद (टिश्यू) महाग पडतो, त्याला पर्याय आहे का? हेच सामान सुट्टीत मुलांच्या कागदकामाच्या वर्गालाही वापरता आलं तर उत्तम.

दाभण_दोरा

किट घेऊ नका. त्यातला दोरा बहुतेक वेळा चामड्याच्या कामाचा असतो: पॉलिस्टर, ०.८ मिमीच्या आसपास जाड. तो कागदापेक्षा चिवट असतो, त्यामुळे ताण आला की दोरा तुटत नाही, पान फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं, घडीतून फाटलेलं पान आधी जोडावं लागतं.

माझा हिशोब असा आहे: जे पुस्तकात कायम राहणार (खळ, दोरा, कापड, टिश्यू) त्यावर पैसे घाला. जे काम झाल्यावर डब्यात परत जाणार ते जुगाडाचं चालतं.

टोच्याऐवजी दाभण चालेल असं वाटेल. मात्र पोती शिवायचं दाभण टोकाकडे चपटं आणि जाड असतं, त्याने भोक मोठं पडतं आणि त्यातून खळ आत झिरपते. त्यापेक्षा गोधडीची मध्यम सुई घ्या, लाकडी मुठीत किंवा बाटलीच्या बुचात अर्धी रोवा आणि वरचं फक्त १५ मिमी बाहेर ठेवा. भोक दोऱ्याच्या जाडीइतकंच पडतं. शिवायच्या सुईचं टोक मात्र पॉलिश पेपरवर घासून बोथट करा. अणकुचीदार सुई आधीच्या टाक्याच्या दोऱ्यात घुसते आणि मग दोरा ओढला तरी सरकत नाही.

घडी दाबायची पट्टी बांबूची करा. बुरूड आळीत बांबूची चीप मिळते. सहा इंच लांब, पाऊण इंच रुंद तुकडा घ्या, पाठीची चकचकीत हिरवी साल तशीच ठेवा, कारण तोच भाग सर्वांत टणक. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा, मग ४०० नंबरने गुळगुळीत करा. एक टोक बोटासारखं गोल ठेवा, दुसरं निमुळतं. गालावरून फिरवून बघा, कुठे खरखरलं तर कागदावर चरा पडणारच. स्टीलच्या चमच्याने घडी दाबली तर कागदावर करडी रेघ उमटते, म्हणून तो नको.

कटर १८ मिमी पात्याचा, पट्टी स्टीलची. अॅल्युमिनियमची पट्टी पात्याने खरवडते आणि त्या खाचेत पातं अडकून हाताकडे घसरतं. पट्टीच्या मागे मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावल्या की ती सरकत नाही. दोन मिमीचा बोर्ड एका दमात कापायला जाऊ नका. सात-आठ हलके फटके मारा, पट्टी शेवटपर्यंत हलवू नका. कड तिरकी येत असेल तर पातं बोथट झालंय, टोक मोडून टाका. मुलांच्या वर्गात कटर देऊ नका, त्यांना कात्री आणि बांबूची पट्टी पुरते.

दाबायला टिंबर मार्केटमधून १८ मिमी प्लायचे १२ बाय १० इंचाचे दोन तुकडे कापून उरलेल्या मालातून घ्या आणि बोहरी आळीतून चार इंची सी क्लॅम्प दोन. प्लायला एका बाजूने सनमायका असेल तर खळ चिकटत नाही. नसेल तर ओएचपीची पारदर्शक शीट मध्ये घाला.

गव्हाचा_चीक

फेव्हिकॉलबद्दल. एमआर चालतो, पण सगळीकडे नाही. सुताराचा एसएच तर अजिबात नको, तो वाळल्यावर कडक होतो आणि पुस्तक उघडताना पाठीवर तडकतो. एमआरचा खरा प्रश्न असा की एकदा वाळला की पाण्याने परत निघत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: छापलेल्या पानाला फक्त खळ, पाठीच्या कापडाला आणि पुठ्ठ्याला फेव्हिकॉल किंवा दोन्ही निम्मं-निम्मं. मिश्रण सावकाश वाळतं, त्यामुळे कापड सरळ बसवायला वेळ मिळतो.

मैद्याच्या खळीत ग्लुटेन राहतं. ती पिवळी पडते आणि झुरळांना, कसरीला जास्त आवडते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते करू नका. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या वर्गात तर नकोच, शिवाय त्यातलं तांबं कागद कमकुवत करतं.

यावर उपाय घरातच आहे: कुरडयांचा चीक. तो म्हणजे ग्लुटेन बऱ्यापैकी धुऊन काढलेला गव्हाचा स्टार्च. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, वाटा, पातळ कापडातून गाळा आणि रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं पाणी ओता. खाली दोन थर दिसतील, वरचा मळकट आणि लिबलिबीत, खालचा पांढराशुभ्र आणि घट्ट. वरचा चमच्याने खरवडून काढा. खालच्यात ताजं पाणी घालून ढवळा, पुन्हा निवळू द्या. असं तीन वेळा केलं की आंबूस वास जातो. तो वास पूर्ण जाईपर्यंत धुणं सोडू नका, कारण आंबटपणा कागदात राहायला नको. मग ताटात पसरून उन्हात खडखडीत वाळवा, कुटून डब्यात भरा. कुरडईच्या चिकात मीठ-हिंग पडतं, ते इथे अर्थातच नाही.

शिजवताना एक वाटी पूड, पाच वाट्या पाणी. अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत राहा. दुधासारखा पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की झालं. इथेच घाई होते: घट्ट झाली म्हणून पाच मिनिटांत उतरवली तर आत कच्चा स्टार्च राहतो आणि वाळल्यावर जोड भुकटीसारखा सुटतो. थंड झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा गाळा. टिश्यूसाठी पाणी घालून ताकासारखी पातळ करा, कापडासाठी दह्याइतकी राहू द्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. गुलाबी ठिपका दिसला की सगळी फेकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

ब्रशच्या दांड्यावरची पत्र्याची पट्टी गंजते आणि तो गंज खळीत उतरून पानावर तपकिरी डाग पडतो. काम झाल्या झाल्या ब्रश धुऊन उलटा टांगा.

ग्रेन_बघा_आधी

वरच्या दोघांशी सहमत, एका गोष्टीची भर घालतो. कागदाचा ग्रेन (त्यातल्या तंतूंची दिशा) चुकला की महागातलं सामानही फुकट जातं. बोर्ड, अस्तराचा कागद, कापड, सगळ्यांचा ग्रेन पाठीला समांतर हवा. नाहीतर पुठ्ठा पापडासारखा वाकतो आणि पुस्तक उघडं पडून राहत नाही. दुकानात पूर्ण शीट हातात घेऊन दोन्ही दिशांनी हलकं वाकवा, घडी न घालता. ज्या दिशेला सहज वाकते, त्या वाकण्याच्या रेषेला समांतर ग्रेन. शंका असेल तर कोपऱ्याचा तुकडा एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळी होतो तो ग्रेन. शीटवर लगेच पेन्सिलने बाण काढा, कापल्यावर कळत नाही.

पुठ्ठ्यासाठी करडा 'कापा' (kappa) नावाचा बोर्ड घ्या, २ मिमी. पिवळा स्ट्रॉ बोर्ड स्वस्त आहे पण आम्लधर्मी आहे, त्याला टेकलेलं पान काही वर्षांत तपकिरी होतं. अस्तरासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था बघा, १९४० पासूनची आहे. सुती चिंध्यांचा कागद मागा, ८० ते १०० ग्रॅमचा. त्याचे धागे लांब असतात, त्यामुळे सांध्यावर रोज दुमडूनही चिरत नाही.

पाठीच्या जाळीसाठी (पाठीवर चिकटवायच्या कापडासाठी) वेगळं काही विकत घेऊ नका. पातळ मांजरपाट आणून उकळत्या पाण्यात धुवा म्हणजे दुकानातली कांजी निघते, मग आपली पातळ खळ लावून ताणून वाळवा. दवाखान्याचं गॉज वापरायचा सल्ला सापडेल, पण त्याची वीण इतकी विरळ असते की दाबताना सरकते आणि पाठीला जोर येत नाही.

दोरा सुती, १० किंवा २० नंबर, तुळशीबागेच्या आसपास मिळतो. मधमाशीच्या मेणावरून एकदाच ओढा, मेणबत्तीचं पॅराफिन भुकटी होऊन गळतं. जाडी ठरवताना फर्मे (एकत्र घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे) मोजा: २० फर्म्यांना अर्ध्या मिमीचा दोरा म्हणजे पाठीत १० मिमी भर. दाबून थोडं कमी होईल, पण पाठ पुढच्या कडेपेक्षा जाड राहील आणि पुठ्ठा बसणार नाही. जास्त फर्मे असतील तर बारीक दोरा.

पानं_सुटली (कोथरूड)

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. दिवाळी अंकांना शिवायला घडीच नाही, त्यांचं काय करू? आणि सेलोटेप कसा काढू? टिश्यूला पतंगाचा कागद चालेल का?

दाभण_दोरा

पतंगाचा कागद नको, ओलाव्याने रंग उतरतो. बटर पेपरही नको, तो सुरकुततो. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणारा साधा लेन्स टिश्यू चालतो, मात्र कोरडा, द्रव लावलेला नव्हे. किंवा पातळ नेपाळी लोकता कागद, पण तो अक्षरांवर नको, कडांसाठी आणि पाठीच्या घडीसाठी. पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने ओढून तोडा, म्हणजे कडेला केसासारखे धागे राहतात आणि जोड दिसत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी पुरे. पातळ खळ पट्टीला लावा, पानाला नाही. वर-खाली टीपकागद आणि वजन. पाच मिनिटांनी टीपकागद बदला, कारण सगळ्यात जास्त पाणी पहिल्या पाच मिनिटांत सुटतं आणि पान तेव्हाच लहरतं.

दिवाळी अंकासाठी: जुना पिवळा गोंद पाठीवरून खरवडून काढा. गरम करून लावलेला असतो, तो पाण्याने निघत नाही, केस वाळवायच्या यंत्राने कोमट केला की सालपटासारखा निघतो. पानं नीट ठोकून सरळ करा, पाठ वर ठेवून दोन प्लायमध्ये पकडा, पाठ ३ सेंटीमीटर बाहेर राहू द्या. पानांचा गठ्ठा एका बाजूला वाकवा, म्हणजे प्रत्येक पानाची साधारण अर्धा मिमी कड उघडी पडते. त्यावर एमआर लावा. लगेच दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा लावा. मग सरळ करून घट्ट आवळा आणि ओल्यावरच मांजरपाटाची पट्टी दाबा. नुसत्या सपाट पाठीवर गोंद फासला तर तो पानाच्या जाडीइतक्याच कडेला चिकटतो, म्हणून पानं पुन्हा सुटतात. इथे फेव्हिकॉलच हवा, खळ पुरेशी लवचीक राहत नाही.

त्याआधी पानाचा कोपरा दोनदा पुढे-मागे दुमडून बघा. तुटला तर तो अंक वाचकांना देऊ नका, कागदच संपलाय. पाकिटात घालून ठेवा.

गव्हाचा_चीक

सेलोटेप: तोच कोमट वारा, एका वेळी एक इंच, आणि प्लास्टिक वर न उचलता जवळजवळ पानाला समांतर मागे ओढा. सरळ वर ओढलात तर अक्षरं सोबत येतात. खाली राहिलेला चिकटा क्रेप रबराने गोल-गोल फिरवून गोळा करा. पिवळा डाग मात्र कागदात मुरलेला असतो, तो राहू द्या. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, शाई पसरते. नवा टेप तर नकोच.

निखळलेल्या पुठ्ठ्याच्या कोशांवर पाठीला जुना सरस दिसेल. केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सीएमसी पूड (पाण्यात फुगून जेल होणारी) मिळते. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम, रात्रभर फुगू द्या. हा जेल पाठीवर १० ते १५ मिनिटं ठेवला की सरस मऊ होतो, बांबूच्या पट्टीने निघतो. जास्त वेळ ठेवलात तर पाणी शिवणीत उतरतं.

ग्रेन_बघा_आधी

आता जूनमध्ये सुरू करणार असाल तर वाळायचा वेळ दुप्पट धरा. इतर वेळी २४ तास दाबून ठेवतो, पावसात ४८. दर सहा तासांनी टीपकागद बदला आणि वाळलेलं पुस्तक लगेच लोखंडी कपाटात बंद करू नका, सांध्यात ओल राहिली की आठवड्यात बुरशी येते. हाताला थंड लागलं तर अजून ओलं आहे.

साठ पुस्तकांत हाताने लिहिलेली पोथी निघाली तर तिला यातलं काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा आणि भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत विचारा, तिथे हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं.

पहिलं पुस्तक म्हणून रद्दीतून आणलेली एखादी जुनी कादंबरी घ्या. कोश शेवटी.