मदत हवी आहे : नाव ठेवायच्या आधी नावं ठेवून द्या

नमस्कार मंडळी,

सातवा महिना लागलाय. मी ठीक, बाळ ठीक. भांडण फक्त नावावरून चालू आहे आणि तेही हसत हसत, तेव्हा समुपदेशकांचे पत्ते कृपया देऊ नका. प्रश्न मात्र खरा आहे.

नवऱ्याला बाळाचं नाव 'व्याध' ठेवायचंय.

हो, तोच. आकाशातला. ह्याला लहानपणापासून ताऱ्यांचं वेड. त्याचं म्हणणं असं, की रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आपल्यापासून साधारण ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात भिंतीला भिंत लागून, आणि त्याचं नाव कुणी आपल्या पोराला ठेवत नाही, हा सरळसरळ अन्याय आहे. रोहिणी आहेत, चित्रा आहेत, स्वाती तर आमच्या वर्गात दोन होत्या. अभिजित आणि श्रवण यांनाही वाली मिळाला. व्याध तेवढा बिचारा उरला.

उरला त्याला कारण आहे, असं माझं म्हणणं.

एक तर अर्थ. व्याध म्हणजे शिकारी, आणि हा साधासुधा शिकारीही नाही. मृग नक्षत्राच्या मधोमध एका ओळीत तीन तारे दिसतात ना, तो त्याने हरणाला मारलेला बाण. इतकी वर्षं ते हरीण पोटात बाण घेऊन फिरतंय आणि मारणारा मागे लखलखत उभा आहे. मी हरणाच्या बाजूची. यावर नवऱ्याने वनपर्वातला धर्मव्याध काढला : मिथिलेत मांस विकायचा, पण कौशिक नावाच्या तपस्व्याला धर्म त्यानेच शिकवला. मी म्हटलं, त्याच महाभारतात कृष्णाच्या पायात बाण मारणारा, जरा नावाचा माणूस, तोही व्याधच होता. महाभारत तिथे बरोबरीत सुटलं.

पण खरी अडचण कानाची आहे. हाक मारताना माणूस शेवटचं अक्षर लांबवतो. लाडात आलं की त्याला ई-ऊ चिकटवतो. व्याधचं काय होणार, तुम्हीच म्हणून बघा. मी त्याला एवढंच विचारलं, "आणि मुलगी झाली तर?" तो त्याच उत्साहात म्हणाला, "मग व्या..." आणि थांबला. त्या संध्याकाळी तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता माझी बाजू. मला 'ऋत' हवंय. मुलगा असो, मुलगी असो, चालतं. दोनच अक्षरं. वेदांतला शब्द, विश्वाची घडी ज्या नियमाने बसलेली आहे तो नियम. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू पाळीपाळीने येतात, ते ऋत. सात महिने माझं पोट आणि झोप ज्या प्रकारे बेशिस्त वागताहेत ते पाहता, घरात कुणीतरी नियमाने वागणारं येईल अशी माझी आपली भाबडी आशा.

इथपर्यंत लिहिलं आणि नवऱ्याने मागून वाचलं. त्याचा आग्रह आहे की त्याची पुरवणी जशीच्या तशी टाकावी. टाकते :

"मी आरोपी क्रमांक एक. धागाकर्तीने एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. 'ऋत'ला विभक्ती लावा. ऋतला बोलाव. ऋतला झोप आली. ऋतला काय झालं? मराठीत ऋचा उच्चार आपण रु करतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आमचं बाळ जन्मभर कुठेतरी रुतलेलं वाटणार. हिंदी बोलणारे त्याला रित म्हणणार. रोमन लिपीत त आणि ट यांच्यात फरक दाखवायची सोय नाही, तिथे त्याचं काय होईल ते मी इथे लिहीत नाही. शिवाय ऋताच्या उलट अनृत, म्हणजे खोटं. दुसरं मूल झालं तर जोडी जमवायला अनृत ठेवायचं का, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे."

तर मंडळी, दोघांनाही एकमेकांची नावं ऐकून हसू येतं आणि स्वतःचं सोडवत नाही. मदत दोन प्रकारची हवी आहे. तुमचं स्वतःचं किंवा मुलांचं नाव वेगळं असेल तर वापरताना खरंच काय त्रास होतो ते सांगा, आणि नाव कायमचं करण्याआधी ते पारखायची काही युक्ती असेल तर तीही. नुसतं 'अर्थ छान आहे' असं लिहू नका. अर्थ आमच्या दोघांकडे भरपूर आहे. सध्या पोटातल्या व्यक्तीला आम्ही 'ठिपका' म्हणतो, कारण पहिल्या सोनोग्राफीत तेवढंच दिसलं होतं.

पाटीपेन्सिल :
दोन्ही नावांना उणे एक. 'ऋतला' वाचून ऑफिसात मोठ्याने हसले, आता शेजारचे विचारताहेत काय झालं. हलके घ्या.

रफारग्रस्त :
माझ्या नावात रफार आहे. नाव सांगत नाही, पण ज्या जगात 'आशीर्वाद' सर्रास 'आर्शिवाद' लिहिला जातो, तिथे माझं काय होत असेल कल्पना करा. तो रफार आयुष्यभर एक घर मागे-पुढे सरकत आलाय. प्रमाणपत्रावर एका जागी, बँकेत दुसऱ्या जागी, आणि दोन्ही कागद एकाच खिडकीवर दाखवायची वेळ आली की मी दोन वेगळ्या व्यक्ती ठरते. वेगळ्या नावाचा खरा त्रास हा. चिडवाचिडवी दोनेक वर्षांत संपते. पोरं कंटाळतात आणि चष्मा किंवा उंची असं काहीतरी नवं शोधतात. स्पेलिंग मात्र संपत नाही.

उलट बाजूही सांगते. मला माझं नाव आवडतं. फोनवर कुणी ते पहिल्या फटक्यात बरोबर उच्चारलं की त्या माणसाबद्दल उगाचच चांगलं मत होतं.

युक्ती हवी असेल तर ही घ्या. ज्यांना नाव माहीत नाही अशा पाच जणांना ते फक्त फोनवर सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. पाचातल्या तिघांनी चुकवलं तर तुमचं मूल पुढे रोज तेच करत बसणार आहे. ऋ कसा लिहितात यावर मी पैज लावायला तयार आहे. 'रुत', 'ऋतु', 'रूत' हे तीन तर नक्की येतील.

दुर्बीणवाला :
नवरोबांना माझा पाठिंबा, पण अर्धाच. व्याध मुळात एकटा नाही हे ते सांगायला विसरले. बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये ताऱ्याच्या डुलत्या चालीवरून ओळखलं की याच्या शेजारी न दिसणारं काहीतरी आहे, आणि १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला तो जोडीदार दुर्बिणीतून दिसला. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा. आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने जवळपास सूर्याएवढा. तेव्हा जुळं असेल तर व्याध आणि बटू, सोय झालेली आहे.

गंमत सोडा. आकाशातलंच हवं असेल तर व्याधानंतर तेजात ज्याचा नंबर लागतो तो अगस्ती बघा. कुणाला बाण मारत नाही. समुद्र पिऊन टाकला होता, तेवढंच.

षष्ठीचा_प्रत्यय :
विभक्ती लावून बघायची सूचना हसण्यावारी नेऊ नका. आइसलँडमध्ये १९९१ सालापासून नावांची समिती आहे. यादीत नसलेलं नाव ठेवायचं असेल तर तिच्याकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या नावाला त्यांच्या भाषेचा षष्ठीचा प्रत्यय लागतो का हे तिथे तपासतात. म्हणजे नवरोबांनी जे केलं ते एका देशात सरकारी काम आहे.

आपल्याकडे समिती नाही, पण नाव आपण नुसतं कुठे वापरतो? ला, ने, चा, शी, कडे लागल्याशिवाय मराठीत नाव घराबाहेर पडत नाही. जुन्या नावांचं सामान्यरूप होतं, रामाला, गणेशाने. नव्यांना आपण प्रत्यय तसाच चिकटवतो, अमितला, रोहनने. सगळी गंमत तिथे होते. व्याधला म्हणणार की व्याधाला, हे घरात आधी ठरवून घ्या, नाहीतर आई एक म्हणेल आणि बाबा दुसरं.

आणखी एक. 'मुलगा असो, मुलगी असो, चालतं' हे मराठीत फार काळ टिकत नाही. नाव किरण असलं तरी 'आला' की 'आली' म्हणावंच लागतं. क्रियापद लगेच गुपित फोडतं.

साबा_इन_वेटिंग :
अगं पोरी, माझ्या दोन्ही लेकरांच्या वेळी आम्हीही असेच भांडलो. अर्थ बघू नकोस, राग बघ. नाव हे निम्मं आयुष्य रागावण्यासाठी असतं. दारात उभी राहा आणि खरंच चिडल्यासारखी दहा वेळा हाक मार. ज्या नावाने ओरडताना आपल्यालाच हसू येतं ते नाव बाद, कारण मूल ते हेरतं आणि मग कधीच ऐकत नाही. माझ्या धाकट्याचं तसंच झालंय, तो आता तीस वर्षांचा आहे.

आणि घाई करू नका. बाळाला स्वतःचं नाव कानाला ओळखीचं वाटायला साधारण साडेचार महिने लागतात. तोवर ठिपकाच चालू दे.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. साबा, तुमची चाचणी काल रात्री केली. मी दारात उभी राहून ओरडले, "व्याध! खाली उतर आधी!" तिसऱ्या वेळी मला हसू फुटलं आणि चौथ्या वेळी समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "डॉक्टरांना बोलवायचं का गं?" त्यांनी काय ऐकलं ते सांगायला नको. मग नवऱ्याने 'ऋत' म्हणून ओरडून पाहिलं. इतकं छोटं नाव आहे की राग यायच्या आधी संपतं. ओरडणाऱ्याचं समाधानच होत नाही. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

रफारग्रस्त, पाच जणांना फोन करून झाले. ऋत बरोबर लिहिणारी एक, आणि ती संस्कृतची शिक्षिका. व्याध चौघांनी बरोबर लिहिलं, पण त्यातल्या दोघांनी सोबत विचारलं, "म्हणजे?" पाचव्याने 'व्याद' लिहिलं.

अगस्तीवर आम्ही दोघांनीही एकाच वेळी 'हं' केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. अगस्तीला, अगस्तीने, अगस्तीचा, कुठेच अडखळत नाही. ओरडायला तीन अक्षरं, शेवटची ई हवी तेवढी ताणता येते. मुलगी झाली तर अगस्तींची पत्नी लोपामुद्रा आहेच, ऋग्वेदातल्या ऋषिकांपैकी एक. माझी वेदांची हौसही भागली. अडचण घरात तिचं 'लोपा' होण्याची. लोपा कुठंय? लोपली. यावर उपाय सुचत असेल तर सांगा, मुलीच्या नावाची जागा अजून रिकामी आहे.

नवरा व्याध सोडायला तयार आहे, पण त्याची अट आहे. खाली त्याच्याच शब्दांत :

"बाळाला नको तर नको. मी स्वतः नाव बदलून व्याध घेतो. तारा वाया जाता कामा नये."

षष्ठीचा_प्रत्यय :
अनुमोदन. प्रत्यय लावून पाहिला : व्याधला भांडी घासायला सांग. व्याधने लंगोट वाळत घातले. कुठेच खटकत नाही.