शेताचे बांधकरी नेमके कोण, कसं शोधायचं?

तापीकाठ: यावल तालुक्यात शेतीचा एक गट (नंबर असलेला जमिनीचा तुकडा) घेतोय. विकणारा दोनच बांधकऱ्यांची, म्हणजे बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांची, नावं सांगतो. बाकीचे कसे कळतील?

काळीमाती: भाऊ, महाभूनकाशावर (सरकारी ऑनलाइन नकाशा) गाव निवडून गट नंबर टाका. लागून असलेले सगळे गट लिहा, कोपऱ्याला टेकणारेही. मग महाभूलेख या सरकारी साइटवर एकेकाचा 7/12 बघा आणि नावं खरेदीखतातल्या चतुःसीमेशी (चारही बाजूंना कोण, ते लिहिलेलं असतं) ताडून पाहा. पूर्व-पश्चिम उलटी लिहिलेली असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या.

केळीबाग: 7/12 वर थांबू नका, दादा. वारस नोंद राहिली असेल तर मयताचंच नाव दिसतं. सामाईक गटात नावं सहा, पण तुमच्या बांधाला कसणारा एकच. केळीला पाणी भरायच्या वेळी शेतावर जा, तो हमखास भेटतो. बटाईदार निघाला तर मालकाचा नंबर घ्या. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना जाते. कुणी सुटला तर नंतर हरकत घेतो.

तापीकाठ: बैलगाडीची वाट शेजारच्या बांधावरून आहे.

काळीमाती: 7/12 च्या ‘इतर अधिकार’मध्ये रस्त्याची नोंद बघा. नसेल तर आधी त्या शेजाऱ्याशी बोला. जमलंच नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज.