शब्दचर्चा : 'परतावा', 'वापसी' की 'बदली'?

प्रश्न : नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका एसी दुरुस्ती केंद्रासाठी मराठीत फॉर्म करतोय. टेक्निशियन ग्राहकाकडून काढलेला पार्ट स्टोअरला आणून देतो, त्या रकान्याला काय म्हणावं? आणि नव्या पार्टला 'बदली' चालेल का?

उत्तर : 'परतावा' नको. तो शब्द पैशाला चिकटलाय. आयकराचा परतावा, गुंतवणुकीवरचा परतावा. कुणीतरी तिथे रक्कमच लिहील. पुण्याकडे 'परत' म्हणतील, पण नागपुरात स्टोअरच्या खिडकीवर जो तो "पीसीबी वापस केला का?" असंच विचारतो (पीसीबी म्हणजे एसीतला सर्किट बोर्ड). मग 'वापसी' लिहा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. 'बदली'ला तात्पुरतेपणाची छटा आहे, बदली कामगारासारखी. ग्राहकाचं अडू नये म्हणून चार दिवस लावून दिलेला पार्ट तो 'बदली'. कायमचा दिला तर 'बदलून दिलेला'.

आणखी एक उत्तर : मला काळजी वाटते ती 'पार्टची अवस्था' या रकान्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की तक्रारींचा ढीग पडतो आणि सगळेच 'खराब' लिहून मोकळे होतात. पण पुढे पार्ट कुठे जाणार हे त्याच शब्दावर ठरतं. 'सदोष' म्हणजे कारखान्यातूनच खोट घेऊन आलेला. त्याचा वॉरंटीत दावा करायचा. 'वाहतुकीत फुटलेला' वेगळा. कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्या दबलेल्या दिसल्या तर माल उतरवतानाच बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) शेरा मारून घ्यावा, नाहीतर ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो. 'नादुरुस्त' म्हणजे अजून दुरुस्तीला वाव असलेला, पीसीबीवरचा रिले (छोटा स्विच) जळलाय एवढंच. 'निकामी' म्हणजे गेलाच. तरी निकामी पीसीबी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवा.

प्रश्नकर्ता : मग 'नादुरुस्त' की 'निकामी' हे टेक्निशियननं जागेवरच ठरवायचं?

उत्तर : नाही, तो अन्याय होईल. भर उन्हात गच्चीवर उभ्या माणसानं दिसलं तेवढं लिहावं : "कपॅसिटर फुगला", "पात्या दबल्या". अवस्थेचा शब्द स्टोअरमध्ये तपासणीनंतर भरायचा. कॉम्प्रेसर वापस करताना मात्र पाइपांची तोंडं रबरी टोपणांनी बंद करून आणायला सांगा. उघडा आणला तर आत धूळ आणि ओलावा शिरतो, आणि तो मुळात सदोष होता की नंतर बिघडला, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही.