सुई वाटपावरील आक्षेपाबद्दल

‘नशा करणाऱ्यांना नव्या सुया फुकट देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणे’ हे आपले म्हणणे मला पटत नाही. वापरलेल्या सिरिंजमध्ये थोडे रक्त उरतेच, आणि तीच दुसऱ्याने टोचून घेतली की एचआयव्हीसारखा (एड्सचा) विषाणू थेट रक्तात जातो. मणिपुरात १९९० च्या सुमारास हेरॉइन टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्याने पसरला तो याच मार्गाने. आमच्या यवतमाळकडील खेड्यांत व्यसन म्हणजे मुख्यतः दारू आणि खर्रा, हे खरे. परंतु साध्या तापालाही ‘सुई मारून द्या’ असा आग्रह धरणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील बांगरमऊ आठवावे, जिथे २०१८ साली एका भोंदू डॉक्टरने एकच सिरिंज अनेकांना वापरल्याने एचआयव्हीचा संसर्ग पसरल्याचा आरोप झाला. शंका असल्यास शासकीय रुग्णालयातील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रात एचआयव्हीची मोफत तपासणी होते आणि नाव गुप्त ठेवले जाते.