क्लाउनफिशची पिल्लं चौथ्या दिवसापुढे जगत नाहीत. चुकतंय कुठे?

खारट_लालबाग

नमस्कार मंडळी. घर लालबागला, वन रूम किचन. दोन फुटी खारी टाकी आहे, तीत ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी. क्रॉफर्ड मार्केटमधून आणली तेव्हा दोघं नखाएवढे होते. आता नर चांगला तीन इंची झालाय, मादी त्याच्या निम्मी. मार्चपासून आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत दर बारा-चौदा दिवसांनी अंडी घालतात. गणपतीत खाली ढोल वाजत होते, टाकीचं पाणी थरथरत होतं, तरी मुहूर्त चुकला नाही.

अंडी फुटतात, पिल्लं पोहतात आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या सकाळी तळाला पांढरा चुरा. पहिल्या वेळी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला (गप्पीच्या पिल्लांना तोच द्यायचो). दुसऱ्या वेळी ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची पिल्लं) दिला. तिसऱ्यांदा, भर पावसात, मीठ संपलं होतं, म्हणून वरळीहून समुद्राचं पाणी आणून, गाळून वापरलं. तेव्हा तर दोनच दिवसांत सगळं आटोपलं. तापमान २८, मोठ्या टाकीची क्षारता १.०२४ (विशिष्ट घनतेत). आई म्हणते, आता त्या बिचाऱ्यांना अंडीच घालू देऊ नकोस.

माळ्यावरची_टाकी

आईला म्हणावं, ते आपल्या हातात नाही.

आधी एक दुरुस्ती. मोठा तो नर नव्हे, मोठी ती मादी. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीतला दांडगा मादी होतो. ती मेली तर नवरोबाच मादी बनतात. तेव्हा अंड्यांपाशी पंख हलवत बसलेला तो छोटा बाप आहे, त्याला त्रास देऊ नकोस.

आता मरण्याचं. तुझी पिल्लं उपाशी मरतायत. पोटाशी आणलेली शिदोरी एखाद्या दिवसात संपते, पुढे ती अंगावरच जगतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतात. बलक ती खात नाहीत. तो पाण्यात कुजतो, अमोनिया होतो, म्हणजे उपास आणि वर विष. ताजा आर्टेमिया सुमारे अर्धा मिलिमीटर असतो आणि पिल्लू स्वतः तीन-चार मिलिमीटरचं. त्याच्या तोंडात तो मावतच नाही. त्याला लागतात रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, ०.१ ते ०.३ मिलिमीटरचे. काचेच्या पेल्यात घेऊन मागून टॉर्च मारलास तर उन्हाच्या तिरिपेतली धूळ हलावी तसे दिसतात.

आणि इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. आपण अंडी दिसली की रोटिफर शोधायला निघतो. पाहुणे दारात आणि चुलीवर आधण नाही. माझे पहिले पाच घाणे असेच गेले. मग मी भांडुपच्या घरी माळ्यावर ट्यूबलाइटखाली बाटल्या मांडल्या आणि ठरवलं, महिनाभर माशांकडे बघायचं नाही.

दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घे. दोनांत हिरवं शेवाळ, नॅनोक्लोरोप्सिस. दोनांत रोटिफर. प्रत्येकीत एअरपंपची नुसती नळी सोड, एअरस्टोन नको, मोठे बुडबुडे बरे. रोटिफरच्या पाण्याचा हिरवा रंग उतरला की शेवाळ ओत. रोज पाव बाटली रोटिफर काढायचे, तेवढंच नवं खारं पाणी भरायचं. काढले नाहीत तर ते आपल्याच घाणीत एका रात्रीत मरतात. गाळायला ५३ मायक्रॉनची जाळी लागते, स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे मिळते. यीस्टवर रोटिफर वाढतात खरे, पण त्यात मेद नसल्यासारखाच. असे रोटिफर खाऊन पिल्लं आठवडा काढतात आणि पट्टे यायच्या वेळी पटापट मरतात. त्यापेक्षा शेवाळच बरं.

सगळ्यात महत्त्वाचं: रोटिफरला लागलेला हात, गाळणं, चमचा शेवाळाच्या बाटलीपाशी न्यायचा नाही. एक थेंब उडाला की चार दिवसांत हिरवी बाटली पांढरी. सोवळं-ओवळं मी आयुष्यात एवढंच पाळलं. बायकोने माझ्या दोन गाळण्यांना लाल आणि हिरवा दोरा बांधून दिला.

सुरुवातीच्या विरजणासाठी वेसाव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारून बघ. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशचं काम झालंय. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) लोकांनी केरळात विळिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे चाक नव्याने शोधू नकोस.

पिल्लांची टाकी वीस लिटरची पुरते. तीन बाजूंना काळा कार्डपेपर लाव, स्टेशनरीच्या दुकानातला. काच चमकली की पिल्लं तिच्यावर डोकं आपटून मरतात. पाणी मोठ्या टाकीतलंच घे, त्यात शेवाळ ओतून फिकट हिरवं कर. उजेड मिणमिणता ठेव. अंड्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले की एक-दोन रात्रींत फुटतात, २८ अंशांना साधारण सातव्या-आठव्या रात्री, दिवा घालवल्यावर तास-दोन तासांत. त्या संध्याकाळी कुंडी उचलून, पाण्याबाहेर न काढता बादलीतून या टाकीत आण आणि अंड्यांच्या बाजूने बुडबुडे सोड. बापाचं काम आता पंपाचं.

वेसाव्याची_चंद्रा

दादा, पावसात वरळीचं पाणी? आमच्या घरात तीन पिढ्या होडीवर गेल्या, आम्ही पायसुद्धा जपून घालतो त्या दिवसांत. नदी-नाल्यांचं गोडं पाणी, गटार, गाळ, सगळं किनाऱ्यालाच येतं. मापक बुडवला असता तर क्षारता किती उतरलीय ते कळलं असतं. १.०२४ मधल्या अंड्यांना एकदम पातळ पाण्यात टाकलंस, मग राहतंय काय? नुसतं गाळून गढूळपणा जातो, बाकी काही जात नाही. माझा भाऊ खोल समुद्रातून कॅन भरून आणतो, पण जून-जुलैत होड्याच बंद. तेव्हा आम्हीपण पाकिटातलंच मीठ आणि आरओचं पाणी वापरतो. आणि मे महिन्यात पंखा लावून टाकी थंड करत असशील तर आटलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ घाल, खारं नको. मीठ उडून जात नाही.

दादर_पूर्व

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बँगाई कार्डिनल मासे ठेवा. नर अंडी तोंडात धरतो, महिनाभर जेवत नाही आणि थेट पोहणारी पिल्लं बाहेर सोडतो. ती पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. रोटिफरची भानगडच नाही. पिल्लं मोजकी, पण जगतात. इंडोनेशियातल्या बँगाई बेटांवर हा मासा संपत चाललाय, २००७ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त यादीत आहे. घरात वाढवलेला विकत घेतला तर बरंच.

खारट_लालबाग

काका, हात जोडले. म्हणजे मी इतके दिवस मादीला नर म्हणून हाका मारत होतो. चंद्राताई, चूक मान्य. दादरवाले, बँगाई पुढच्या वर्षी. एक विचारू? हे जमलं तर ब्लू टँग (सिनेमातला तो निळा 'डोरी' मासा) जमेल का?

माळ्यावरची_टाकी

यलो टँग हवाईत २०१५ ला आणि ब्लू टँग फ्लोरिडात २०१६ ला पहिल्यांदा टाकीत वाढले, तेसुद्धा अख्ख्या संस्था वर्षानुवर्षं मागे लागल्यावर. त्यांची अंडी पाण्यात तरंगतात आणि पिल्लांना रोटिफरही मोठा पडतो. तू आधी बाटल्या मांड.

खारट_लालबाग

सात आठवड्यांनी लिहितोय. बाटल्या फ्रिजच्या वर मांडल्या. एक हिरवी बाटली गेलीच, चमचा माझाच. दोन वेळा अंडी फुटली, मी बघितलं नाही (एकदा बघितलं). गेल्या सोमवारी रात्री सव्वादहाला या घाण्याची अंडी फुटली. दीडशेच्या आसपास असतील. रोज सकाळी नळीने तळ साफ करतो आणि एअरपंपच्या बारीक नळीतून थेंब-थेंब नवं पाणी सोडतो. पाचव्या दिवशी खूप गेली, मी कामावर गेलोच नाही. आज नववा दिवस. एकतीस मोजली. तिघांच्या डोक्यामागे पांढरं काहीतरी दिसतंय, आई म्हणते पट्टा आहे, मला खात्री वाटत नाही.

माळ्यावरची_टाकी

आईचं बरोबर असणार. रोटिफर चालूच ठेव, सोबत आजपासून थोडा आर्टेमिया दे, ताजा फुटलेलाच. आर्टेमियाची बाटली अर्धा तास स्थिर ठेव, टरफलं वर येतील, तळाशी टॉर्च धर आणि खालून नळीने ओढून घे. टरफल पोटात गेलं की अडकतं. आणि कामावर जा.